'आफ्रो नाइट' भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, पुणे आणि गोव्यात 'आफ्रो'च्या नावाने कार्यक्रम भरवणारे आयोजक, तिथे वाजवणारे डीजे आणि त्या वळणाची गाणी करणारे संगीतकार

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पोस्टरवर 'आफ्रो' एवढाच शब्द असतो. त्याखाली एका रात्रीत नायजेरियातल्या लागोसचं पॉप, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया-जोहान्सबर्गचं अमापियानो आणि तिथल्याच डर्बनचं गोम (दोन्ही नाचाची इलेक्ट्रॉनिक संगीतं) आणि युरोपातल्या क्लबांसाठी घासूनपुसून गुळगुळीत केलेलं आफ्रो हाउस असं सगळं वाजून जातं. हे वाजवू नका असं सांगायला आम्ही लिहीत नाही. भरपूर वाजवा. पण कुणाचं वाजवताय ते पोस्टरवर, पडद्यावर आणि परवान्याच्या कागदावर लिहा. या संगीतात नाव गळालं की मागोमाग पैसा गळतो, आणि हे काही आजचं नाही.

१९३९ साली जोहान्सबर्गमध्ये गॅलो कंपनीच्या स्टुडिओत सोलोमन लिंडा या झुलू गायकाने आपल्या साथीदारांबरोबर 'म्बुबे' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. हक्कांपोटी त्याला १० शिलिंग मिळाले असं सांगतात. तिथल्या तबकडीवर त्याचं नाव होतं, पण चाल अमेरिकेत पोचली तेव्हा गीतकार-संगीतकार म्हणून दुसऱ्यांची नावं लागली. १९६१मध्ये 'द लायन स्लीप्स टुनाइट' या रूपात ती तिथे पहिल्या क्रमांकावर गेली आणि पुढच्याच वर्षी लिंडा गरिबीत वारला. नंतर ती डिस्नेच्या सिनेमातही आली. त्याच्या मुलींना न्याय मिळाला तो २००६मध्ये, तडजोडीने. तोही ब्रिटिश साम्राज्याच्या १९११च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार सापडला म्हणून: लेखकाच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतात, मधल्या काळात ते कुणालाही विकलेले असोत. असली तरतूद दर वेळी हाताशी नसते.

आता जरा पिशव्यांबद्दल, म्हणजे वेगवेगळी संगीतं एकाच नावाखाली कोंबण्याबद्दल. १९८७च्या जूनमध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या एका पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. इंग्रजी-अमेरिकी चौकटीत न बसणाऱ्या तबकड्या दुकानात कुठल्या फळीवर ठेवायच्या हा त्यांचा प्रश्न होता. 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव तिथे ठरलं. सोय दुकानदाराची, पण माली, पेरू आणि महाराष्ट्र एका फळीवर गेले ते कायमचे. ग्रॅमीनेही तोच शब्द उचलला आणि २०२०च्या अखेरीस बदलून 'ग्लोबल' केला. २०२३मध्ये 'सर्वोत्तम आफ्रिकी संगीत सादरीकरण' असा वेगळा गट जाहीर झाला. बोंगो फ्लावा, किझोंबा, चिमुरेंगा, हायलाइफ, फूजी, इथिओ-जॅझ अशा वेगवेगळ्या देशांच्या शैली, सगळ्या या एका पुरस्कारासाठी. संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश ज्या खंडात आहेत त्याच्यासाठी पाच नामांकनं. पहिल्या वर्षी ती पाचही नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिका या दोन देशांच्या कलाकारांना मिळाली. त्यांतल्या एका गाण्याचं नावच 'अमापियानो' होतं आणि ते गाणारे असाके आणि ओलामिदे दोघेही नायजेरियाचे. पुरस्कार जोहान्सबर्गच्या टायलाला 'वॉटर'साठी मिळाला. दुसऱ्या वर्षी नामांकनांत ख्रिस ब्राउन हा अमेरिकी गायकही होता.

फेब्रुवारी २०२४मध्ये टायलाला पुरस्कार मिळाला त्याच रात्री शक्ती या बँडला आणि उस्ताद झाकिर हुसेन यांना मिळालेल्या पुरस्कारांच्या बातम्या आपल्याकडे पहिल्या पानावर आल्या. शक्तीच्या 'धिस मोमेंट'समोर ग्लोबल अल्बमच्या गटात बर्ना बॉय आणि दाविदो हे नायजेरियाचे गायक होते, हे त्या बातम्यांत शोधावं लागलं. सादरीकरणाच्या गटात तर तबला-बासरी, लागोसचं पॉप आणि आपल्या पंतप्रधानांचा आवाज असलेलं भरडधान्यावरचं गाणं एकमेकांशी स्पर्धा करत होती. यांची तुलना कुठल्या निकषावर करायची, हे परीक्षकांनाच ठाऊक. आपण स्वतः जिच्यात कोंबले गेलो ती पिशवी आपणच दुसऱ्यांसाठी शिवावी, हे आम्हाला पटत नाही.

मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. अमापियानो वाजवताना तुम्ही जे करता त्यातलं बरंच आवाजाच्या अंगानेही चुकतं.

हे संगीत गाउटेंग प्रांतातल्या टाउनशिपांमध्ये, म्हणजे ममेलोडी, अ‍ॅट्रिजव्हिल, कॅटलहाँग, वोस्लूरस अशा कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, २०१०च्या दशकाच्या मध्यावर घडलं. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. पोरं गाणी फुकटच्या फाइल-साइटवर चढवत आणि दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवत. मिनीबस टॅक्सीत आणि दारूच्या अड्ड्यांवर ती वाजत, रेडिओवर नंतर आली. त्यामुळे सुरुवातीच्या कितीतरी ट्रॅकना धड नोंदच नाही. कोणी बनवलं, कोणी गायलं, कुठल्या साली, हे फाइलच्या नावावरून ओळखायचं. एमएफआर सोल्स, काब्झा डी स्मॉल, डीजे मापोरिसा ही नावं पुढे जगभर झाली. लॉग ड्रमचा आवाज घडवण्याचं श्रेय बहुतेक जण एमडीयू ऊर्फ टीआरपी याला देतात.

हा लॉग ड्रम म्हणजे लाकडाचा खरा ढोल नव्हे. एफएल स्टुडिओ या संगीत करण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एफएम पद्धतीच्या डीएक्स-१० या सिंथेसायझरमधला तो एक तयार आवाज. तो थोडा फाटेल इतपत तापवायचा, स्वर एकातून दुसऱ्यात घसरू द्यायचे आणि बेसच्या जागी चाल म्हणून वाजवायचा. समेवर तो हमखास येईल असं नाही. बऱ्याचदा सम मोकळी सोडून अलीकडे किंवा पलीकडे पडतो. ठेका धरून ठेवण्याचं काम शेकरचं, म्हणजे खुळखुळ्यासारख्या वाद्याचं, मात्रेचे चार भाग करत, किंचित झुलत. वर जॅझच्या वळणाचे सातव्या-नवव्या स्वराचे कॉर्ड. किक, म्हणजे ठोक्याचा जाड ड्रम, मऊ असते किंवा विरळ. गती साधारण ११० ते ११५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तितके ठोके.

यात पहिली चूक गतीची. आधीचा हाउसचा ट्रॅक १२४ वर चालू असतो म्हणून अमापियानो ११२ वरून तिथपर्यंत ओढलं जातं. ही जवळजवळ ११ टक्के वाढ. लॉग ड्रमची शेपटी तुटते, शेकरचा झोल जातो, पावलं पडत नाहीत, आणि मग 'लोकांना हे संगीत कळत नाही' असा निष्कर्ष निघतो. उलट करा: गायनाच्या किंवा नुसत्या कॉर्डच्या जागेवर थांबा आणि गती उतरवूनच पुढचा ट्रॅक घ्या. दुसरी चूक किकची. लॉग ड्रमखाली चार ठोक्यांची जाड हाउस किक घातली की दोन्ही ४५ ते ९० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर बसतात. भाड्याच्या साउंड सिस्टिमचा लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) दर ठोक्याला सगळा आवाज दाबतो आणि शेकर येतो-जातो. किक घालायचीच तर तिचा खालचा भाग ९०-१०० हर्ट्झपर्यंत कापा, ३५च्या खालचं दोन्हींतून काढून टाका, १००च्या खालचं सगळं मोनो (दोन्ही बाजूंना एकच) ठेवा आणि सब, म्हणजे खोल आवाजाचा स्पीकर, तीनेक डेसिबलने उतरवा. ढोल-ताशाशी मिश्रण करणाऱ्यांना हेच लागू. ढोलाची भरीव थाप लॉग ड्रमच्याच जागेवर येते आणि दोघांचा चिखल होतो. ताशाला मात्र वर मोकळं रान मिळतं, तो शेकरच्या झोलात बसवला तर फार सुरेख लागतो. हे करून बघा.

तिसरी चूक घाईची. मूळ ट्रॅक सहा-सात मिनिटांचे असतात आणि लॉग ड्रम एक-दोन मिनिटांनी, वाट पाहायला लावून येतो. तुम्ही हॉट क्यू (गाण्यातल्या जागेवर लावलेली खूण) लावून थेट तिथे उडी मारता आणि मिनिटभरात पुढच्या गाण्यावर जाता. ताटात नुसती लोणच्याची फोड वाढून जेवण झालं म्हणण्यातला हा प्रकार. किमान ३२ बार, म्हणजे चार-चार मात्रांची ३२ आवर्तनं, वाजू द्या. केल्विन मोमोसारख्या निर्मात्यांचं जे जॅझकडे झुकलेलं अमापियानो आहे, त्यात तर धक्का शोधूच नका. ते रात्रीच्या सुरुवातीला लावा.

गोम वेगळं. डर्बनचं, १२५च्या आसपास, किक तुटक आणि चार ठोक्यांचा सरळ ठेका मुद्दाम टाळलेला. त्यावर टाळ्या धरणारा श्रोता चुकतोच. टांझानियाचं सिंगेली २०० बीपीएमच्या पुढे जातं, ते 'आफ्रो सनसेट' नावाच्या कार्यक्रमात कुणी लावलं तर आम्ही तिकीट काढून येऊ.

लागोसचं आजचं पॉप आणि नायजेरियाच्याच जुन्या पिढीतल्या फेला कुटीचं संगीत हे एकच नाही, हेही पोस्टर करणाऱ्याला सांगा. फेलाचं चित्र छापून आत बर्ना बॉय आणि रेमा वाजवणं चालणार नाही असं नाही, पण मग फेलाही वाजवा. त्याची गाणी बारा ते वीस मिनिटांची, टोनी अ‍ॅलनच्या ड्रमवर उभी, आणि गायन सुरू व्हायला कधी कधी अर्धं गाणं सरतं. 'झॉम्बी'त त्याने सैनिकांची टर उडवली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिकांनी लागोसमधलं त्याचं 'कलाकुटा रिपब्लिक' हे घर जाळलं आणि त्याच्या आईला, फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांना, खिडकीतून खाली फेकलं. स्त्रियांच्या आंदोलनांच्या त्या मोठ्या नेत्या. पुढच्या वर्षी त्या गेल्या. ज्या माणसाने गाण्यापायी एवढं भोगलं त्याला ड्रिंकच्या ऑफरशेजारी सजावट म्हणून लावू नये, इतकी तरी चाड असावी.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २० ऑक्टोबर २०२० रोजी लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर पोलिसी अत्याचारांविरुद्ध बसलेल्या तरुणांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. बर्ना बॉयचं '२० १० २०' हे गाणं त्यावरचं आहे, आणि नुसत्या कलाकाराच्या नावावरून प्लेलिस्ट भरली की असं गाणं दोन नाचगाण्यांच्या मध्ये येऊन बसतं. त्याच वर्षी २९ जूनला इथिओपियातल्या अदिस अबाबात ओरोमो समाजाचा गायक हचालू हुंदेसाची गोळ्या घालून हत्या झाली आणि त्यानंतरच्या हिंसाचारात शेकड्याच्या वर माणसं मेली. 'आफ्रिकेचं एकच हृदय' छापाची वाक्यंही जरा जपून. सप्टेंबर २०१९मध्ये जोहान्सबर्गमध्ये परदेशी आफ्रिकी लोकांवर हल्ले झाले, नायजेरियाचे कलाकार संतापले, आणि नोव्हेंबरमध्ये बर्ना बॉय ज्या ऐक्याच्या कार्यक्रमांत गाणार होता तेच रद्द करावे लागले. लागोसच्या निर्मात्यांनी लॉग ड्रम उचलल्यावर प्रिटोरियात जी चिडचिड झाली तिला हीही पार्श्वभूमी आहे. आमचं मत विचाराल तर उसनवारी वाईट नाही. असाकेने लॉग ड्रमवर नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या फूजी संगीताचं वळण चढवलं ते अस्सल काम आहे. फक्त उगम सांगावा.

उसनवारीत आपणही आहोतच. पूर्व आफ्रिकेतल्या मोम्बासा आणि झांझिबारच्या ताराब या गायनप्रकारात हिंदी सिनेमाच्या चाली स्वाहिली शब्दांत कित्येक वर्षं गायल्या गेल्या. जुमा भालो हा गायक तर त्यासाठीच प्रसिद्ध. आज टांझानिया म्हटलं की आपल्याकडे किली पॉल आठवतो, कारण तो आपल्या गाण्यांवर ओठ हलवतो. त्याच्या देशातली स्वतःची गाणी किती जणांनी ऐकली आहेत?

नावाचं काम कसं करायचं ते सांगतो. प्रत्येक सेटनंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी करा: गाण्याचं नाव, कुठला मिक्स, सगळे कलाकार, संगीतकार-गीतकार, प्रकाशक, किती मिनिटं वाजलं, आणि आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक. डीजे सॉफ्टवेअर वाजवलेल्या ट्रॅकचा इतिहास ठेवतं, तो निर्यात केला की अर्धं काम झालं. अमापियानोत 'फीट.'च्या (सहभागी कलाकारांच्या) पुढे चार-पाच नावं असतात आणि त्यांतलं शेवटचं नाव बऱ्याचदा शब्द लिहिणाऱ्या गायिकेचं असतं. जागा नाही म्हणून नेमकं तेच कापलं जातं. 'जेरुसलेमा'वर सगळं जग नाचून झालं होतं, तेव्हा २०२१मध्ये ते गाणाऱ्या नोमसेबो झिकोडेला जाहीरपणे सांगावं लागलं की तिला त्याचे पैसे मिळालेले नाहीत. आयएसआरसीच्या पहिल्या दोन अक्षरांवरून देश ओळखायला जाऊ नका. झेडए दक्षिण आफ्रिकेचं, एनजी नायजेरियाचं, हे खरं. पण ऑनलाइन वितरकामार्फत आलेल्या पुष्कळ गाण्यांना अमेरिकी क्यूझेड लागलेलं असतं. संगीतकारांची नावं स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या क्रेडिटमध्ये बघा आणि सिसॅक या हक्कसंस्थांच्या जागतिक महासंघाच्या आयएसडब्ल्यूसी (चाल-शब्दांचा ओळख-क्रमांक) शोधात पडताळा.

यादी कुणाला द्यायची? गाण्याची चाल आणि शब्द हा एक हक्क, ध्वनिमुद्रण हा दुसरा. पहिल्यासाठी आपल्याकडे आयपीआरएस ही संगीतकार-गीतकारांची हक्कसंस्था. तिकडे दक्षिण आफ्रिकेत साम्रो, आणि या दोन्ही संस्था सिसॅकमध्ये असल्याने पैसा जायला वाट आहे. पण तुम्ही नुसती ठोक रक्कम भरून परवाना घेतला आणि यादी दिली नाही, तर वाटप इतर आकडेवारीवरून होतं आणि तुमच्या रात्रीचा पैसा भलत्याच हिट गाण्यांकडे वळतो. ध्वनिमुद्रणाचा परवाना घेताना, समोरच्या संस्थेकडे तुमच्या यादीतली लेबलं खरोखर आहेत का ते लेखी विचारा. कॅटलहाँगच्या एखाद्या छोट्या लेबलचं नाव तिथे बहुधा नसतं. मग थेट लेबलला ईमेल करा. उत्तर येतं.

रिमिक्सवाल्यांसाठी: 'कव्हरचा परवाना आहे' हे उत्तर चालत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-सी लागू होण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं उलटावी लागतात, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करता येत नाही. रिमिक्स म्हणजे बदलच. त्यासाठी ध्वनिमुद्रणाचा मालक आणि गाण्याचा प्रकाशक, दोघांची परवानगी हवी. विकत घेतलेल्या सॅम्पल-पॅकमधला (तयार आवाजांच्या संचातला) लॉग ड्रम खुशाल वापरा. पॅकमधली झुलू किंवा योरुबा हाकारी वापरण्याआधी मात्र त्या भाषेच्या माणसाकडून अर्थ समजून घ्या. प्रार्थनेची ओळ असते, शिवी असते, कुणाच्या तरी घराण्याची स्तुतीही असते. यूट्यूबवरून ओढलेला आवाज 'रॉयल्टी-फ्री' होत नाही. तिकडच्या गायिकेकडून दूरस्थ गाऊन घेतलं, तर गाणं चढवण्याआधी वाटणीचा कागद करा: कोणाचे किती टक्के, बेरीज १००, सगळ्यांच्या सह्या. चढवल्यानंतर हा कागद होत नाही.

शेवटचं काम म्हणजे मूळ माणसांनाच बोलावणं. मे २०२३मध्ये रेमा भारतात येऊन गेला, म्हणजे हे अशक्य नाही. आणि प्रिटोरियाचा मधल्या फळीतला डीजे तुमच्या युरोपी पाहुण्याइतकाच परवडेल. तयारी मात्र वेगळी. पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन कार्यक्रम करता येत नाही, म्हणून निमंत्रणपत्र आणि करार आधी पाठवा. नायजेरिया, घाना, केनिया, युगांडा, अंगोला इथून येणाऱ्याला पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं. ते नसेल तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, मग शनिवारचा कार्यक्रम गेलाच. थेट दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्याला हे लागत नाही, पण वाटेत नैरोबीला थांबा असेल तर तिकीट काढण्यापूर्वी नियम बघा. परदेशी कलाकाराच्या मानधनातून २० टक्के आणि वर अधिभार-उपकर कापावा लागतो. करारातली रक्कम कपातीपूर्वीची की नंतरची हे लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं. कपातीचं प्रमाणपत्र पाठवा, त्याला ते आपल्या देशात दाखवता येतं.

आणि राहण्याची जागा. २०१३च्या ऑक्टोबरअखेरीस गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग रोखला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली होती. कला आणि संस्कृती हे खातं त्याच मंत्र्याकडे होतं. त्याच किनाऱ्यावर आज 'आफ्रो'ची तिकिटं खपतात, आणि आफ्रिकी पासपोर्ट पाहून खोली नाकारणं मात्र थांबलेलं नाही. म्हणून बुकिंग आयोजकाच्या नावावर करा, पाहुणा कुठल्या देशाचा आहे ते आधी कळवून हॉटेलचा होकार लेखी घ्या, परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत करणं हॉटेलचं काम आहे हे त्यांना सांगा, आणि तो उतरेल तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी रिसेप्शनवर हजर राहा.

आपले,
हे संगीत वाजवणारे, ध्वनिमुद्रित करणारे आणि त्यावर लिहिणारे काही जण